विश्लेषण : मूल कर्करोगातून बरे झाले, पण उपचारांची फाइल कुठे आहे?

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतात. मग केमोथेरपी थांबते, केस परत येतात, शाळा सुरू होते. घरच्यांना वाटते, सुटलो एकदाचे. मात्र उपचार संपले म्हणजे तपासणीही संपली, हा समज महागात पडू शकतो.

परिणाम उशिरा का दिसतात?

जीव वाचवणाऱ्या काही औषधांचे दुष्परिणाम अनेक वर्षांनी समोर येतात. डॉक्सोरुबिसिनमुळे हृदयाचे स्नायू कमकुवत होऊ शकतात, सिस्प्लाटिनमुळे ऐकू कमी येऊ शकते. मेंदूला रेडिएशन दिले असल्यास उंची, स्मरणशक्ती आणि अभ्यासाचा वेग यांवर परिणाम संभवतो. हे प्रत्येकाला होतेच असे नाही. कोणते औषध, किती मात्रा आणि कोणत्या वयात दिले, यावर धोका ठरतो.

कुटुंबे आजार का लपवतात?

मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून अनेक घरांत आजाराचा विषय बंद होतो. फाइल माळ्यावर जाते. लहानपणी उपचार झालेल्या मुलीला कधी कधी आजाराचे नावही सांगितले जात नाही. डॉक्सोरुबिसिन घेतलेल्या स्त्रीने गरोदरपणाआधी हृदयाची तपासणी करून घेणे गरजेचे असते. पण तिलाच माहीत नसेल, तर डॉक्टरांना कोण सांगणार? बहुतेक बालकर्करोग आनुवंशिक नसतात. लपवल्याने धोका मात्र वाढतो.

व्यवस्था काय आहे?

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार पूर्ण केलेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र क्लिनिक आहे. कर्करुग्णांना नियमित तपासणीच्या प्रवासासाठीही रेल्वे तिकिटात सवलत मिळते. तरीही गडचिरोली किंवा नंदुरबारहून मुंबई गाठायची, तर पालकांची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. मूल ठणठणीत दिसत असताना ही फेरी सर्वात आधी टळते.

काय करायला हवे?

सुटी देताना प्रत्येक मुलाच्या हाती एक पान द्यावे : आजार, औषधे, त्यांची एकूण मात्रा, रेडिएशन आणि पुढे कोणती तपासणी कधी करायची. ते पान असेल तर हृदयाची इको किंवा थायरॉइडची रक्ततपासणी जवळच्या शहरातही करता येईल. उपचारांचा खर्च उचलणाऱ्या सरकारी योजनांनी या तपासण्यांचाही भार घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत कर्करोगग्रस्त मुलांपैकी किमान ६० टक्के मुले वाचवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. म्हणजे बरी होणारी मुले वाढणार. पालकांनी आजच फाइलचे फोटो काढून ठेवावेत आणि मूल जाणते झाले की त्याला सारे सांगावे. तो इतिहास त्याचा आहे आणि पुढची तपासणीही त्यालाच करून घ्यायची आहे.