मूल्यमापनाचा हक्क आणि वीटभट्टीवरचे मूल

‘अतिचंचलता’, ‘स्वमग्नता’, ‘अध्ययन अक्षमता’ असे शब्द कानी पडले की पुरोगामी चळवळीतील पुष्कळ मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. हे मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू पालकांचे नवे खूळ आहे; लेकराला गुण कमी पडले की डॉक्टरांचा दाखला आणायचा, असा शेरा मारून ती मोकळी होतात. कर्जत-खालापूर भागात हा शेरा विशेष पटतो. तेथे एकीकडे शनिवारी रात्रीपुरते उजळणारे शेतबंगले आहेत आणि दुसरीकडे डोंगरउतारावरच्या कातकरी-ठाकरांच्या वाड्या. बंगल्यातल्या आजाराची उठाठेव वाडीने का करावी, असा हा तर्क. तो ऐकायला क्रांतिकारक आणि परिणामाने निखालस प्रतिगामी आहे.

कारण मेंदूच्या वाढीतील भेद बापाची मिळकत पाहून येत नाहीत. मिळकतीनुसार बदलते ते केवळ त्यांचे नाव. शहरात ज्या मुलाला ‘साहाय्याची गरज असलेला’ म्हणतात, त्याच मुलाला वाडीवर ‘ढ’, ‘द्वाड’ किंवा ‘वेडसर’ म्हणतात. पहिल्याला दहावीच्या परीक्षेत वाढीव वेळ मिळतो. दुसरा चौथी-पाचवीतच शाळेबाहेर पडून विटा वाहू लागतो. हा भेद निसर्गाचा नव्हे, व्यवस्थेचा आहे.

मूल्यमापन म्हणजे काय, याविषयीही अज्ञान फार. त्याला रक्ताची तपासणी नाही की क्ष-किरणांचे छायाचित्र नाही. अतिचंचलतेचेच पाहा. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली सुधारलेल्या निकषांनुसार मुलामध्ये अवधानाच्या अथवा चंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा लक्षणे सहा महिने टिकून असावी लागतात, त्यांपैकी काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, आणि तीही घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी. म्हणजे एका गुरुजींची तक्रार हा पुरावा नव्हे. स्वमग्नतेसाठी भारतात चाळीस प्रश्नांची मापनश्रेणी आहे. प्रत्येकास एक ते पाच गुण, आणि बेरीज सत्तरच्या खाली राहिली तर स्वमग्नता नाही. अध्ययन अक्षमतेसाठी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा चाचणीसंच वापरतात. पण या सर्वांच्या आधी कान, डोळे आणि अंगातले रक्त तपासावे लागते. ज्याला ऐकूच येत नाही ते मूल हाकेला ओ देत नाही. जे उपाशी आहे त्याचे लक्ष फळ्यावर टिकत नाही. चांगल्या मूल्यमापनाचे निम्मे काम ‘हा आजार नव्हे, ही भूक आहे’ असे सांगण्याचेच असते. समाजवाद्यांना याहून जवळचे शास्त्र कोणते?

अर्थात चाचणीवर आंधळा विश्वास ठेवण्याचे कारण नाही. तिचा इतिहास काळाही आहे. पॅरिसमध्ये १९०५ साली बिने यांनी बुद्धिमापनाची चाचणी रचली ती मागे पडणाऱ्या मुलांना मदत पोचावी म्हणून. अमेरिकेत गॉडर्डसारख्यांनी तिचाच उपयोग गरीब स्थलांतरितांना जन्मजात मंदबुद्धी ठरविण्यासाठी केला. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ च्या सुमारास ती मराठी व कानडी मुलांसाठी बेतली, पुढे नागपुरात मालिन यांनी भारतीय मुलांसाठी श्रेण्या तयार केल्या. हे काम मोलाचे खरे. पण घरी कातकरी बोली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतले प्रश्न विचारले तर मोजली जाते ती भाषा, बुद्धी नव्हे. स्वमग्नतेच्या मापनश्रेणीत नजरेला नजर न देणे हे एक लक्षण आहे. परक्या साहेबापुढे वाडीवरचे कोणते मूल मान वर करून पाहते? म्हणून परीक्षकाबरोबर मुलाची बोली व रीत जाणणारे माणूस हवे. ती चैन नव्हे, शास्त्राचीच अट आहे.

आता शासनाचा कारभार पाहावा. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत स्वमग्नता, अध्ययनातील दोष आणि अतिचंचलता ही तिन्ही आहेत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी, आणि संशयित मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावयाचे, अशी ही योजना. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस अपंगत्वे मानली. त्यांत स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली. अतिचंचलता आली नाही. एका खात्याने हुडकलेले मूल दुसऱ्या कायद्याने नाकारले! दिल्लीच्या कारकुनीचा हा नमुना अभ्यासण्याजोगा आहे.

आणि जिल्हा म्हणजे अलिबाग. कर्जतच्या पूर्वेकडील वाडीवरून निघालेल्या बाईने आधी कशेळे गाठावे, मग कर्जत, मग पनवेल वा पेणमार्गे समुद्रकाठ. मूल्यमापन एका बैठकीत होत नाही. दोन-तीन खेपा ठरलेल्या. प्रत्येक खेपेला दोघांचे भाडे आणि बुडालेला रोज. अर्थशास्त्राच्या भाषेत ही फुकट मिळणाऱ्या सेवेची किंमत आहे, आणि ती खालच्याला वरच्याहून अधिक पडते. ज्याच्याजवळ पैसा आहे तो खाजगी तज्ज्ञाकडून आठवड्यात अहवाल आणतो. १९९६ पासून महाराष्ट्रात अध्ययन अक्षमतेच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या, त्यांचा लाभ कोणत्या वस्तीतल्या मुलांच्या पदरी पडला असेल हे सांगायला आकडेवारी नको.

तेव्हा मागणी ‘हे खूळ बंद करा’ अशी असूच शकत नाही. बालरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांचे पथक महिन्यातून ठरल्या दिवशी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि खालापूर तालुक्यात चौकच्या ग्रामीण रुग्णालयात बसले पाहिजे, कान-डोळ्यांची तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे, आणि येणाऱ्या पालकाला बुडालेला रोज मिळाला पाहिजे. अतिचंचलतेचा कायद्यात समावेश हा लढा लांबचा आहे, हा जवळचा.

कायद्याचे सतरावे कलम दर पाच वर्षांनी अपंग मुलांच्या पाहणीची सक्ती करते. पहिली पाहणी एप्रिल २०१९ पूर्वी व्हावयाची होती. आपल्या शाळेत ती कोणी केली, किती मुले निघाली, त्यांपैकी किती अलिबागपर्यंत पोचली, हे प्रत्येक ग्रामसभेत विचारता येते. मात्र कलमातील शब्द ‘शाळेत जाणारी मुले’ असा आहे. भट्टीवरचे मूल त्या मोजणीतही नाही. त्याची नोंद अंगणवाडी सेविका आणि आशा यांना बरोबर घेऊन कार्यकर्त्यांनाच करावी लागेल, आणि दिवाळी उलटताच वाड्या ओस पडू लागतात, म्हणून ती त्याआधीच उरकली पाहिजे.