रंगूनचे तेल आणि रंगूनचे हमाल

मार्च १९४२ मध्ये इंग्रजांनी रंगून बंदर सोडले. लष्करी नियोजनाचा उत्तम नमुना म्हणून त्याचा दाखला दिला जातो. ७ मार्चला दुपारी दोनच्या सुमारास ठरल्याप्रमाणे सुरुंग उडाले आणि शहराजवळच्या सिरियमचा तेलशुद्धीकरण कारखाना पेटला. चीनसाठी उतरवलेल्या अमेरिकी मालापैकी जे हलवता आले नाही तेही नष्ट केले गेले. दुसऱ्या दिवशी जपानी शहरात शिरले तेव्हा इंग्रजी सैन्य निसटले होते.

हे सारे खरे आहे, पण सैन्य नियोजनामुळे निसटले हे खरे नाही.

ब्रह्मदेशातील इंग्रजी सैन्याचे नवे सेनापती जनरल अलेक्झांडर ५ मार्चला रंगूनला पोहोचले. त्यांनी माघारीची तयारी थांबवून आधी प्रतिहल्ल्याचा हुकूम दिला, आणि शहर सोडण्याचा निर्णय ६ मार्चच्या मध्यरात्री घेतला. तोवर उशीर झाला होता. शहरापासून वीसेक मैलांवर तौक्यानजवळ जपान्यांनी माघारीचा, उत्तरेला प्रोमकडे जाणारा रस्ता अडवला होता. ७ तारखेचे हल्ले तो अडथळा फोडू शकले नाहीत. ८ च्या सकाळी मात्र रस्ता मोकळा! आपले डिव्हिजन रस्ता ओलांडेपर्यंत बगल राखणे एवढेच त्या जपानी तुकडीचे काम होते. ते संपताच ती निघून गेली. शत्रूच्या शिस्तीने वाचलेल्या सेनापतीच्या नियोजनाचे गोडवे कशाला गायचे?

खरा दोष त्याहून जुना आहे. रंगूनची निम्म्याहून अधिक वस्ती भारतीय होती. जहाजांतला माल उतरवणारे हमाल बहुतांशी तेलुगू होते, गटारे आणि संडास साफ करणारेही भारतीयच. २३ डिसेंबर १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात गोदीवर आणि रस्त्यांवर माणसे मेली ती प्रामुख्याने याच वर्गातली. वाचलेले हजारोंनी प्रोमच्या वाटेला लागले आणि ऐन गरजेच्या वेळी धक्क्यावर माल पडून राहिला. सरकारने काय केले? वाटेत अडवून अनेकांना परत फिरवले. धडधाकट भारतीय पुरुषांना डेकचे तिकीट देण्यावरही निर्बंध घातले. तेलाच्या टाक्यांसाठी तपशीलवार योजना होती. या माणसांसाठी अडवणुकीपलीकडे काही नव्हते.

यावर ठरलेले उत्तर येते: आधी सांगितले असते तर घबराट पसरली असती. पण न सांगून ती कुठे टळली? डिसेंबर १९४१ मध्येच मलायातल्या पेनांगमधून युरोपियनांना रातोरात गुपचूप हलवले होते आणि आशियाई रहिवासी मागे राहिले होते. हमालाने सरकारवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या बळावर?

बंदर सोडण्याची योजना बंदर चालवणाऱ्या माणसापासून सुरू व्हायला हवी. गोदीजवळ खंदक, हातात आगाऊ पगार, बायकामुलांना पहिल्या जहाजात जागा आणि शेवटपर्यंत थांबणाऱ्याला परतीची हमी, एवढे तरी हवेच. ही भूतदया नव्हे, लष्करी गरज आहे. क्रेन चालवायला माणूस नसेल तर रणगाडे जहाजातच राहतात.

ब्रह्मदेशातून सुमारे पाच लाख भारतीय बाहेर पडले, त्यांतले बरेचसे तौंगुपच्या घाटातून आणि आसामच्या डोंगरांतून पायी. वाटेत किमान दहा हजार दगावले, काही अंदाज त्याच्या कित्येक पट आहेत. जाळलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी बर्मा ऑइल कंपनी लंडनच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेली आणि जिंकली. तो निकाल निष्फळ करायला ब्रिटिश संसदेला १९६५ मध्ये खास कायदा करावा लागला. त्या वाटेवर मेलेल्या हमालांच्या वतीने असा दावा कुणी लढवला नाही.