माजघरांतून : आवडीचें गाणें

मनुष्याची खरी ओळख त्याच्या पोशाखावरून अथवा प्राप्तीवरून होत नाहीं. तो एकटा असतां काय गुणगुणतो, यावरून ती होते, असें माझें फार दिवसांचें मत आहे. नवल एवढेंच कीं, एका छपराखालीं पंचवीस पंचवीस वर्षें राहणाऱ्या माणसांनाहि एकमेकांची ही ओळख नसते. आईच्या हातची आमटी शेजारणीच्या आमटीहून कशी निराळी, हें जो तासभर सांगेल, त्यास 'तुझ्या आईचें आवडतें गाणें कोणतें?' असें विचारून पाहावें. बहुधा तो गप्प बसेल.

हा प्रश्न मी दुसऱ्यास विचारीत असलें, तरी त्याचें उत्तर मलाहि एके काळीं देतां आलें नव्हतें. त्याचें कारण आमची आत्या.

आत्या अकालीं विधवा होऊन माहेरीं परत आली, ती अखेरपर्यंत आमच्या घरींच राहिली. तिच्या तरुणपणीं, म्हणजे १९३५ च्या सुमारास, आमच्यासारख्या घरांतील विधवेनें नाटकास जाणें किंवा गाण्याच्या बैठकीस बसणें कोणाच्या कल्पनेंतहि नव्हतें. परंतु वाड्याच्या मालकांकडे ग्रामोफोन होता. त्यांचा दिवाणखाना आणि आमचें माजघर यांमध्यें एकच भिंत. पलीकडे किल्ली फिरल्याचा आवाज आला कीं, आत्या निवडावयाचे तांदूळ सुपांत घेऊन त्या भिंतीपाशीं येऊन बसे. तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई, आणि एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. मोठमोठ्या गवयांनाहि तेवढ्यांतच आपला राग मांडून आवरता घ्यावा लागे. मग तबकडी उलटावयाची, सुई बदलावयाची व पुन्हा किल्ली द्यावयाची. अशा तीन तीन मिनिटांच्या तुकड्यांतून आत्यानें हिराबाई बडोदेकरांचें गाणें ऐकलें आणि जन्मभर तें मनांत जपलें. हें सारें मला पुष्कळ उशिरां कळलें.

पुढें घरांत रेडिओ आला. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, पुणें केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालें. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांच्या चाली, आणि वर्षभर दर आठवड्यास एक नवें गीत. त्या वर्षीं अधिक मास असल्यामुळें गीतें छप्पन्न झालीं. माझा जन्म त्यानंतरचा. पण रेडिओस हार घालून सारें घर त्यापुढें कसें बसे, याच्या गोष्टी ऐकतच मी वाढलें. 'तेव्हां घर एकत्र ऐकत असे' असें म्हणून आपण आज उसासा टाकतों. उसासा खोटा नव्हे. परंतु त्यांत एक गोष्ट सोयीस्करपणें विसरली जाते. ऐकणें एकत्र होतें, निवड मात्र एकाची होती. आमच्याकडे रेडिओची कळ वडिलांच्या हातीं असे. आत्यास काय ऐकावयाचें आहे, हें तिला कोणींहि विचारलें नाहीं, आणि तिनेंहि कधीं सांगितलें नाहीं.

त्या काळीं रेडिओवर 'आपली आवड' हा कार्यक्रम लागे. श्रोत्यांनीं पत्र टाकून गाणें मागावें आणि निवेदकानें त्यांचीं नांवें वाचून तें लावावें, अशी रीत होती. मी बारा-तेरा वर्षांची असेन. एके दिवशीं सकाळीं नळावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "काल तुमच्या आत्याबाईंचें नांव रेडिओवर ऐकलें हो! हिराबाईंचें गाणें मागितलें होतें. फार गोड लागलें." मी धांवत घरीं आलें. आदल्या रात्रीं रेडिओ चालू होता, हें मला पक्कें आठवत होतें. पण त्या वेळीं मी आणि माझा भाऊ कसल्याशा पेन्सिलीवरून भांडत होतों.

"आत्या, तूं आम्हांला सांगितलें कां नाहींस?"

ती शांतपणें म्हणाली, "तुमचें भांडण चाललें होतें ग. मीं ऐकलें, तेवढें पुरे." आणि थोड्या वेळानें, जणूं स्वतःशींच, "घरांत मागायला संकोच वाटतो. पत्राला वाटत नाहीं."

तें वाक्य आजहि मला टोंचतें. ज्या घरांत तिनें उभा जन्म काढला, त्या घरापेक्षां रेडिओकेंद्रावरील परका माणूस तिला जवळचा वाटला.

आज आमच्या घरांत प्रत्येकाच्या हातीं मोबाइल आहे. कोणाची कळ कोणाच्या हातीं नाहीं. सोळा वर्षांचा माझा नातू दिवसभर कानांत इअरफोन घालून बसतो. गेल्या महिन्यांत मी त्याच्यावर रागावलें. त्यानें उलट उत्तर केलें नाहीं, एक इअरफोन काढून माझ्या हातीं दिला व म्हणाला, "आजी, तूंच ऐक ना." त्यांतील शब्द मला समजले नाहींत, आणि ठेकाहि कानास फारसा रुचला नाहीं. तरी गाणें संपेपर्यंत मी बसलें आणि विचारलें, "हें तुला कां आवडतें?" तो म्हणाला, "गणितांत नापास झालों ना, त्या आठवड्यांत रोज रात्रीं हेंच ऐकत होतों." त्या आठवड्यांत आम्हीं त्याला पुष्कळ उपदेश केला होता. तो रात्रीं जागत होता, हें मात्र कोणासहि ठाऊक नव्हतें.

तेव्हांपासून आम्हीं एक लहानसा प्रघात पाडला आहे. रविवारीं जेवणें झाल्यावर एकानें आपल्या आवडीचें एक गाणें लावावयाचें. नियम तीनच : गाणें संपेपर्यंत कोणीं बोलावयाचें नाहीं, कोणाच्या आवडीस हंसावयाचें नाहीं, आणि लावणारानें तें आपणांस कां आवडतें, तें दोन वाक्यांत सांगावयाचें. वेळ लागतो पांच-सात मिनिटें. गेल्या रविवारीं माझी पाळी होती. मीं हिराबाईंचें गाणें लाविलें आणि आत्याची हकीकत सांगितली. सर्वांनीं शेवटपर्यंत ऐकलें.

आपल्याहि घरीं भिंतीपाशीं बसून ऐकणारें कोणी असेल. त्यास पत्र टाकावें लागूं नये, एवढेंच माझें सांगणें आहे.