तपासनिसाचे डोळे, मालकाची तिजोरी

फेसबुकवरील हिंसक, बीभत्स मजकूर तपासणाऱ्या अमेरिकेतील कामगारांना मानसिक आघातापोटी ५.२ कोटी डॉलर देण्याची तडजोड कंपनीने मे २०२० मध्ये मान्य केली. लाभार्थी ११ हजारांहून अधिक. किमान भरपाई माणशी अवघी १,००० डॉलर! हे कामगार कागदोपत्री कंत्राटदारांचे. खरी मेख येथेच आहे. जाहिरातींचे उत्पन्न मालकाकडे राहते, आघात कंत्राटी कामगाराच्या माथी जातो आणि त्याच्या शिणलेल्या डोळ्यांनी केलेल्या निवाड्यावर वापरकर्त्याने विसंबावयाचे. निवाडा चुकला तर जाब कोणाला विचारावयाचा? भारताच्या २०२१ च्या नियमांनी तक्रारनिवारण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, हे योग्यच. मोठ्या कंपन्यांना मासिक अहवालही द्यावा लागतो. पण त्यात तक्रारी मोजावयाच्या असतात, तपासनिसांचे कामाचे तास नव्हेत.