कोंकणकांठानें सायकलवर : दिवस किती धरावे?

गेल्या महिन्यांत आमच्या शाळेचे चार माजी विद्यार्थी एक कागद घेऊन आमच्याकडे आले. येत्या डिसेंबरांत मुंबईहून गोव्यापर्यंत समुद्रकांठच्या रस्त्यानें सायकलवर जाण्याचा त्यांचा विचार आहे, आणि तो सर्वस्वी स्तुत्य आहे. कागदावर हिशेब असा होता : अंतर सुमारें ६०० किलोमीटर, रोज १०० प्रमाणें सहा दिवस, एक दिवस गोव्यांत, एक दिवस परतीचा, एकूण आठ. भागाकारांत चूक नव्हती. तथापि ह्या किनाऱ्यावर दिवस भागाकारानें ठरवूं नयेत असें आमचें स्पष्ट मत आहे, व तें कां, हें सांगण्याकरितां हा लेख लिहीत आहों.

रोज १०० किलोमीटर हें माप आंतून जाणाऱ्या राजमार्गास कदाचित् शोभेल. कांठाचा रस्ता निराळा. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या समुद्रास मिळतां मिळतां रुंद खाड्या होतात, आणि दोन खाड्यांच्या मध्यें जांभ्या दगडाचा उंच सडा पसरलेला असतो. त्यामुळें रस्ता पाण्याच्या पातळीपासून शंभर-दीडशें मीटर चढतो, सड्यावरून थोडा धांवतो, पुन्हां गांवांत उतरतो, माडांच्या सांवलींतून एक-दोन किलोमीटर सुखानें जातो आणि लगेच पुढच्या चढास लागतो. दिवसांत असें चार-पांच वेळां घडतें. सपाटीवर तासाला २० किलोमीटर सहज जाणारा स्वार येथें सायकल हातांत धरून चालूं लागतो, व त्यांत लाज मानण्यासारखें कांहीं नाहीं.

शिवाय खाड्या ओलांडावयाच्या त्या फेरीबोटींनीं. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास जाणारी मोठी बोट (ही सोय २०२० पासूनची) वेगळी ठेविली, तरी आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड आणि शेवटीं तेरेखोल ते केरी, अशा पांच ठिकाणीं धक्क्यावर उभें राहावें लागतें. पाणी ओलांडण्यास पाव तास-वीस मिनिटें पुरतात. वाट पाहण्यास किती लागतील तें मात्र ओहोटीवर, मोटारींच्या रांगेवर आणि बोटीच्या इंजिनाच्या प्रकृतीवर अवलंबून असतें. दाभोळची शेवटची बोट चुकली तर मुक्काम दाभोळासच करावा, कारण खाडीला वळसा घालून खेड-चिपळुणाकडून जाणें म्हणजे जवळजवळ एक सबंध दिवस. डिसेंबरांत उजेड ११ तासांचा. त्यांतून दुपारचे कडक उन्हाचे तीन तास वजा केले व एखादी बोट धरिली, म्हणजे प्रत्यक्ष पायडल मारण्यास सहा-सात तास उरतात. एक गोष्ट मात्र अनुकूल आहे. त्या ऋतूंत दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेस जाणाऱ्याच्या पाठीवर. म्हणून मुंबईहून गोव्यास जावें; उलट येऊं नये.

हें सर्व आम्ही शहाणपणानें सांगत आहों असें वाचकांस वाटेल. तसें नाहीं. कित्येक वर्षांपूर्वीं आम्हीं स्वतः हीच चूक केली. आम्ही चौघे होतों आणि रजा सातच दिवसांची होती. हिशेबाची वही आमच्याजवळ असे, व रोज रात्रीं जेवणानंतर ठरल्यापेक्षां किती किलोमीटर मागें पडलों तें आम्ही मोठ्यानें वाचून दाखवीत असूं. पहिल्या रात्रीं मुरुडास ३० ची बाकी निघाली, दुसऱ्या रात्रीं ती ५५ झाली. आमच्यांतल्या सर्वांत लहान सोबत्याचा गुडघा श्रीवर्धनच्या चढापासून दुखूं लागला होता. पण ती वही ऐकून तो गप्प राहिला. धोपाव्यास उतरल्यावर तो फारच मागें पडूं लागला, तेव्हां आम्हीं त्यास, “आज तुझ्यामुळें पाऊण तास गेला,” असें ऐकविलें. हें वाक्य आम्हांस अद्याप आठवतें. हेदवीस पोहोंचेपर्यंत गुडघा सुजून नारळाएवढा झाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यास सायकलीसकट एस.टी.च्या गाडींत बसवून रत्नागिरीस व तेथून आगगाडीनें घरीं पाठविलें. आरंभींच दोन दिवस विसांवा घेतला असता तर एवढ्यावर वेळ आली नसती, असें वैद्यांनीं मागाहून सांगितलें.

आम्ही तिघे पुढें गेलों. विजयदुर्ग अंधारांत मागें टाकला. मालवणास पोहोंचलों तों सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्या बंद झाल्या होत्या. १६६४ सालीं ज्याचें बांधकाम सुरू झालें तो किल्ला दहा मिनिटें किनाऱ्यावरून पाहून आम्ही मुक्कामाची जागा शोधूं लागलों. त्या मुलानें ह्या सफरींत येण्याचें कबूल केलें होतें तें मुख्यतः ह्याच किल्ल्यासाठीं. सातव्या दिवशीं आम्ही गोव्यांत होतों. वहीप्रमाणें सर्व कांहीं वेळेवर झालें.

कोणी म्हणेल, ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करणारे स्वार आज आपल्या देशांत पुष्कळ आहेत. आहेत खरे, व त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु ती वेळेशीं लाविलेली शर्यत आहे, आणि तिची तयारी वर्षभर चालते. सफरीचें माप दुसरीकडे शोधावें. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटर चालवून १८ मार्च १९२८ रोजीं परत आले. मुक्कामाचे दिवस धरून भागाकार केला (येथें तो करण्यास हरकत नाहीं), तर रोजचे सरासरी ४४ किलोमीटर पडतात. ज्यांनीं वाळवंटें ओलांडिलीं त्यांस ४४ पुरले. आमच्या कॉलेजांतल्या मुलांस १०० कां लागावे, हें आम्हांस समजत नाहीं.

आमचा हिशेब असा. रोज ६० किलोमीटर धरावे, म्हणजे दहा दिवस. सिंधुदुर्ग पाहण्यास मालवणास एक दिवस. दोन दिवस अगदीं कोरे. परतीस एक, कारण सायकली आगगाडीच्या मालडब्यांत चढविणें हेंही एक कामच आहे. एकूण चौदा. कोऱ्या दिवसांवर आधींपासून कांहीं लिहूं नये. कित्येक लोक कोऱ्या दिवशीं देऊळ, दीपगृह आणि आत्याचें घर अशीं तीन कामें मांडून ठेवतात. मग तो कोरा कसला? त्यांतला एक चौथ्या दिवसाच्या सुमारास खर्चावा, कारण शरीर तिसऱ्या-चौथ्या दिवशींच कुरकुर करूं लागतें. दुसरा पावसासाठीं, पंक्चरासाठीं, चुकलेल्या बोटीसाठीं, किंवा गुहागरच्या किनाऱ्यावरून उठवेनासें झालें तर त्यासाठीं. घरीं सांगतांना मात्र चौदावा दिवसच सांगावा. आईबापांची काळजी अंतरामुळें वाढत नाहीं. सांगितलेली वेळ टळली म्हणजे वाढते.

चौदा दिवसांची रजा प्रत्येकास मिळत नाहीं, आणि दर मुक्कामास पैसे पडतात, हें आम्ही जाणतों. त्यावर आमचें म्हणणें इतकेंच कीं, दिवस कमी असतील तर अंतर कापावें. रत्नागिरीपर्यंत ह्या रस्त्याचा अर्ध्याहून थोडा अधिक भाग होतो, आणि पांच फेरीबोटींपैकीं चार तेवढ्यांतच येतात. सहा दिवस चालविण्याचे, एक कोरा, एक परतीचा : बरोबर आठ दिवस. १९९८ पासून पूर्णपणें सुरू झालेल्या कोंकण रेल्वेचें स्थानक तेथें आहे, व उरलेला किनारा पुढल्या वर्षीं त्याच स्थानकापासून धरतां येतो. अर्धाच रस्ता केला असें लोक म्हणतील. म्हणोत.

त्या चौघांचा कागद आम्हीं ‘गोवा’ हा शब्द खोडून व त्या जागीं ‘रत्नागिरी’ लिहून परत केला. तिघांस तें मुळींच रुचलें नाहीं, आणि त्यांनीं आमच्याशीं चांगला अर्धा तास वाद घातला. चौथा कांहींच बोलला नाहीं. ते निघाल्यावर आम्हीं त्यास मागें बोलावून घेतलें आणि गुडघे कसे आहेत म्हणून विचारलें.