लग्नात गाणं हवं, पण कानाला पेलेल एवढं

सटाण्यात लग्नसराई लागली की वस्तीत आधी विचारतात, ‘डीजे कोणाचा सांगितला?’ जेवणाचं नंतर.

नको म्हटलं की पोरं चिडतात. बाकीच्यांच्या वराती वाजतात, मग आपलीच का मुकी? प्रश्न खोटा नाही. कित्येक गावांत आपल्या आज्या-पणज्यांच्या वरातीला वाजंत्री लावू देत नव्हते. वाजवायचा हक्क सोडा, असं मी म्हणणार नाही. काय वाजवायचं आणि किती मोठ्यानं, एवढंच बोलू.

८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंतच कानाला सुरक्षित मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं. डीजेच्या भिंतीपुढे आवाज सहज त्याच्या वर जातो, आणि आपली लेकरं तिथं दोन-दोन तास नाचतात. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. कानात शिट्टी वाजत राहणं ही धोक्याची खूण. दुसऱ्या दिवशीही ती थांबली नाही, किंवा अचानक एका कानानं ऐकू येईना, तर तेल घालत बसू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. आणि नाचणारा निदान हौसेनं उभा असतो. बोळातल्या पत्र्याच्या घरात झोपलेली बाळंतीण, बीपीच्या गोळ्या घेणारे बाबा, त्यांनी जायचं कुठं?

मंगल परिणयाला फार काही लागत नाही. त्रिशरण, पंचशील, जयमंगल अष्टगाथा. एक माइक, एक छोटा स्पीकर, शब्द शेवटच्या रांगेला कळले की झालं.

रिसेप्शनला गायन पार्टी सांगा. हार्मोनियम, ढोलकी, दोन चांगले गळे. वामनदादा कर्डक आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांचं गाणं शब्दांसाठी ऐकायचं असतं. डीजेवर त्याच गाण्याचा नुसता दणका छातीत बसतो, शब्द कुठल्या कुठे जातात. मला तर कानापेक्षा हेच जास्त खुपतं.

पार्टीवाल्याशी आधीच बोला: स्पीकर दोनच, तोंड घरांकडे नाही, लहान मुलं स्पीकरपुढे नाहीत, दवाखान्यापासून १०० मीटरच्या आत वाजवायचं नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला कायद्यानंच बंदी आहे. हे सगळं इसार देण्याआधी ठरवा. पैसे हातात पडल्यावर कोणी ऐकत नाही.