आठवणीचे पैसे कुठे जावेत?

मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी पती दोराबजींनी त्यांच्या नावे न्यास काढून त्याच आजाराच्या संशोधनाला पैसा दिला, आणि १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. जिवलगाला नेणाऱ्या दुखण्याशीच त्याच्या स्मृतीची गाठ घालण्याचा हा मार्ग मला तेराव्याच्या पंगतीपेक्षा थोर वाटतो. आज मात्र मोठी उणीव रुग्णाच्या कुटुंबापाशी आहे. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या माणसाच्या औषधाला योजना असते; सोबत आलेल्या बायकोची बुडालेली मजुरी, खोलीचे भाडे, दोन वेळचे जेवण कुठल्याच बिलात दिसत नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशांना आसरा देते, पण परळचे फुटपाथ काही रिकामे झालेले नाहीत.

‘आम्ही थोडेच टाटा?’ हा आक्षेप रास्त आहे. स्वतंत्र न्यास काढला की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी आली, हिशेब आले. दोन-चार लाखांसाठी तो व्याप परवडत नाही. त्यापेक्षा चालत्या संस्थेकडे आईच्या नावे कायम ठेव ठेवावी, व्याज कुटुंबांवर खर्च व्हावे. यात नावाचा सोस आहे, असे कुणी म्हणेल. असेना! नाव लागले की घरचे लोक दरवर्षी हिशेब तरी विचारतात. पुण्यतिथीची जाहिरात देण्याआधी जवळच्या रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना एकदा भेटा.